गिऱ्हाईक कुठल्या पानावर आहे?

गेल्या महिन्यात नवउद्योजकांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. चहानंतरच्या सत्रात वाद पेटला तो धंद्याचा आराखडा लिहावा की नाही यावर. बाजारपेठेत हयात घालवलेले एक व्यापारी म्हणाले, "प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणजे कागदी घोडे. आमच्या वडिलांनी कुठला रिपोर्ट लिहिला होता?" पुण्याहून आलेल्या एका तरुणाचं म्हणणं पडलं की रिपोर्टचे दिवस संपले, आता दहा स्लाइड पुरतात, त्याही एआय पाच मिनिटांत करून देतं, खरा कस लागतो तो बोलण्याच्या हातोटीचा. मग एक कर सल्लागार उभे राहिले. आकडे नीट बसवले तर बँकेला नाही म्हणताच येत नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या तिघांनाही पडल्या. मी मात्र अस्वस्थ होऊन बाहेर पडलो, कारण त्या दोन तासांत 'गिऱ्हाईक' हा शब्द एकदाही कोणाच्या तोंडून निघाला नव्हता.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आराखडा लिहिलाच पाहिजे, धंदा करणाऱ्याने तो स्वतः लिहिला पाहिजे, आणि त्याची सुरुवात गिऱ्हाइकापासून झाली पाहिजे. पैसे लावणाऱ्याला पटवायला एक कागद आणि गिऱ्हाइकाला पटवायला वेगळी जाहिरात, ही जी वाटणी आपण करून ठेवली आहे, तिथेच सगळं बिघडतं. माल कोण घेतं, किती घेतं, परत येतं का आणि पैसे कधी देतं, हे ज्या आराखड्यातून कळतं तो सावकारालाही पटतो, बँकेलाही पटतो आणि भागीदारालाही पटतो. ज्यातून ते कळत नाही त्याची पानं कितीही वाढवली तरी त्याने कर्ज मिळेल, धंदा उभा राहणार नाही. आणि धंदा उभा न राहता मिळालेलं कर्ज काय करतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

कोल्हापूर-सांगली भागातल्या बँकेच्या शाखांमध्ये मी कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढली. शेवटच्या काळातली एक फाइल मनातून जात नाही. कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा. (आमच्याकडे चटणीच म्हणतात, पुण्या-मुंबईकडे तिचा मसाला होतो.) अर्जदार बाई चाळिशीच्या, सोबत कॉलेजात जाणारा मुलगा. रिपोर्ट बत्तीस पानांचा, स्पायरल बायंडिंग केलेला, वर पारदर्शक कव्हर. मागे कोटेशनं जोडलेली: पल्व्हरायझर, रोस्टर, पाऊच भरायचं मशीन. प्रकल्पाचा खर्च आठ लाखांच्या घरात. उत्पादनक्षमता दिवसाला १०० किलो, कामाचे दिवस ३००, क्षमतेचा वापर पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. म्हणजे पहिल्याच वर्षी १८,००० किलो चटणी. मी विचारलं, "ताई, गेल्या वर्षी किती विकलीत?" त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने रिपोर्टकडे पाहिलं. मग त्यांच्या पिशवीतून दोनशे पानी शाळेची वही निघाली.

त्या वहीत पाच रकाने होते. तारीख, नाव, किलो, जमा, बाकी. कडेला तेलाचे आणि तिखटाचे डाग. साधारण दोनशे घरं त्यांच्याकडून चटणी नेत होती, आणि एका घराला वर्षाला सहा किलोच्या आसपास लागत होती. म्हणजे वर्षाला १,२०० किलो. काही नावांपुढे 'मे' असं लिहून गोल केलेला. ही मुंबईची माणसं, सुट्टीला गावी येतात आणि वर्षाची चटणी एकदमच घेऊन जातात. काही नावांवर आडवी रेघ. रिपोर्टमधली १८,००० किलो चटणी खपायची तर अशी तीन हजार घरं हवीत. उरलेली २,८०० घरं कुठल्या गल्लीतली, कुठल्या गावातली, याबद्दल बत्तीस पानांत एक ओळ नव्हती. मी हे बोललो तेव्हा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, एवढं दाखवल्याशिवाय हप्ता बसत नव्हता."

त्याच्या त्या एका वाक्यात आपल्याकडच्या निम्म्या प्रोजेक्ट रिपोर्टांची जन्मकथा आहे. बँकेला हवा असतो डीएससीआर, म्हणजे धंद्यातून येणारा पैसा हप्ता आणि व्याज यांच्या बेरजेच्या किती पट आहे ते गुणोत्तर. ते दीडच्या आसपास दिसलं की फाइल पुढे सरकते. मग होतं काय, की गुणोत्तर आधी ठरतं. त्यावरून नफा ठरतो, नफ्यावरून विक्री ठरते आणि विक्रीवरून गिऱ्हाईक गृहीत धरलं जातं. ज्याच्यापासून सुरुवात व्हायची तो माणूस सगळ्यात शेवटी येतो, तोही नाव-गाव नसलेला. अनुदानाच्या योजनांनी यात भर घातली. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. योजना चांगली आहे, तिने अनेक घरं उभी राहिली आहेत. पण अनुदान भांडवली खर्चावर मिळतं म्हटल्यावर यंत्रं मोठी होत जातात आणि मग त्या यंत्रांना पुरेल एवढं गिऱ्हाईक कागदावर जन्माला घालावं लागतं.

त्या बाईंची खरी अडचण यंत्राची नव्हतीच. चटणी त्या डंकावरून कुटून आणत होत्या आणि ते भागत होतं. त्यांचं दुखणं होतं मिरची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. नवी मिरची बाजारात असते फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हाच घ्यायची, उन्हात खडखडीत वाळवायची, देठ काढायचे आणि पाऊस लागायच्या आत चटणी करून बरण्या भरायच्या. त्यांचा वर्षाचा कच्चा माल साडेतीन लाखांचा, त्यातला तीन लाखांचा या तीन महिन्यांत घ्यावा लागे. पैसे परत येत ते पुढच्या जानेवारीपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या किलोने. रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल, म्हणजे माल घ्यायला लागणारा फिरता पैसा, काढलं होतं एका महिन्याच्या कच्च्या मालाचं. बँकेचा ठोकताळा लावला असता तरी फार फरक पडला नसता. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या शिफारशीनंतर लहान उद्योगांना वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल बँकेने द्यायचं आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचं, असा प्रघात पडला. ताईंची विक्री साडेसहा लाखांची, म्हणजे बँकेचे सव्वा ते दीड लाख. या सूत्राच्या पोटात एक गृहीत आहे, की लावलेला पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो. चटणीचा पैसा दहा महिन्यांनी परत येतो. बत्तीस पानं लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला कोणी लिहू दिलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. ती कमजोर नाही, म्हणून ती तिच्या पूर्ण जोरानिशीच मांडतो.

पहिला मुद्दा त्या जुन्या व्यापाऱ्यांचा: आराखड्याशिवाय मोठे झालेले कितीतरी आहेत. हे खरंच आहे. उद्योजकतेचे अभ्यासक अमर भिडे यांनी अमेरिकेत झपाट्याने वाढणाऱ्या ५०० खासगी कंपन्यांच्या १९८९ सालच्या यादीतल्या १०० संस्थापकांशी बोलून जे मांडलं, ते आराखड्याची भलामण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. त्यातल्या ४१ टक्के लोकांकडे कसलाही आराखडा नव्हता आणि २६ टक्क्यांकडे असलाच तर जेमतेम टिपण होतं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं. लिज्जतच्या मुळाशी कुठला प्रोजेक्ट रिपोर्ट होता?

पण जरा थांबून पाहू. भिडे यांच्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. त्या संस्थापकांपैकी ७१ टक्क्यांनी आधीच्या नोकरीत पाहिलेलीच कल्पना उचलली होती किंवा थोडी बदलून घेतली होती. म्हणजे गिऱ्हाईक कोण, ते काय देतं, कशाला नाक मुरडतं, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. आराखड्याचा गाभा त्यांच्या डोक्यात होता, फक्त कागदावर उतरलेला नव्हता. लिज्जतच्या बाबतीत ८० रुपये देणाऱ्या छगनलाल पारेखांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता: स्वस्तातला दुय्यम पापड करायचा नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. माल कोणत्या प्रतीचा असेल आणि पैशाचा माग कसा राहील, हे ज्याने ठरवलं त्याने आराखडा केलाच की. व्यापाऱ्यांच्या वडिलांचंही तेच असणार. त्यांनी रिपोर्ट लिहिला नसेल, पण त्यांची रोजकीर्द आणि खतावणी होती, आणि कोणाला किती उधारी द्यायची हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या मुलाने आता तिसऱ्या गावात दुसऱ्या धंद्यात उडी घ्यायची म्हटली, तर ते पाठांतर त्याच्या काय कामाचं? अनुभव नसलेल्या जागी पाऊल टाकताना लिहावंच लागतं.

दुसरा मुद्दा बँकेचा. ठरावीक नमुना नसेल तर अधिकारी वशिला पाहील, चेहरा पाहील, आडनाव पाहील. नमुना सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. हे मला मान्य आहे. माझ्या टेबलावर एकेका वेळी चाळीस-चाळीस फाइली असत आणि नमुना नसता तर मी कोणाला न्याय देऊ शकलो नसतो. पण मापाचं काम मोजण्याचं आहे. मोजायची वस्तूच मापावरून बनवायला लागलो तर त्या मापाला काय अर्थ उरतो? सगळ्या फाइलींत ६०-७०-८० टक्के, सगळ्यांचा डीएससीआर दीडच्या वर, सगळ्यांची विक्री दरवर्षी वाढती. चटणी, फॅब्रिकेशन, पशुखाद्य, ब्यूटी पार्लर, सगळ्यांची चढण एकसारखी! असे चाळीस रिपोर्ट वाचून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. मग तो तारण पाहतो, जामीनदार पाहतो, आणि शेवटी वशिला, चेहरा, आडनाव या रांगेतच परत येतो. जो अन्याय टाळायला नमुना आणला, तोच मागच्या दाराने घरात येतो.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पैसे लावणाऱ्याला पटवणं म्हणजे काय हे तिच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. जमशेटजी टाटा १९०४ साली गेले तेव्हा पोलादाचा कारखाना हे स्वप्नच होतं. पुढची तीन वर्षं त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि सहकारी काय करत होते? जंगलं तुडवत होते. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाविषयी कळवलं होतं; वेल्डसारखे तज्ज्ञ खाणींची पाहणी करत होते, अमेरिकन अभियंते पेरिन कारखान्याचा विचार करत होते. खनिजाचा कस किती, कोळसा कुठून येणार, चुनखडी कुठून, रेल्वे किती अंतरावर, हे सगळं मोजून झालं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिऱ्हाईक ठरलं होतं: दरवर्षी २०,००० टन पोलादी रूळ दहा वर्षं घ्यायची सरकारने तयारी दाखवली होती, आयात मालाच्या भावाने आणि दर्जाची अट घालून. हा आराखडा घेऊन दोराबजी लंडनच्या भांडवलबाजारात गेले. तिथे त्यांना पैसे मिळाले नाहीत.

मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत भाग विक्रीला काढले. टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत रीघ लागली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचं सगळं भांडवल उभं केलं. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एकट्याने घेतले. (एवढ्या मोठ्या कारखान्यालाही खेळतं भांडवल वेगळं उभारावं लागलं, हे मी पुढे अनेक अर्जदारांना सांगत असे.) योजना तीच, खनिज तेच, माणसं तीच. लंडनने नाकारलं आणि मुंबईने उचलून धरलं. मग आराखड्याचं महत्त्व ते काय राहिलं? तो स्वदेशीचा ज्वर होता, बाकी काही नव्हतं, असं कोणी म्हणेल. स्वदेशीची लाट होती हे कबूलच. पण त्याच लाटेवर स्वार होऊन कितीतरी कंपन्या आणि बँका निघाल्या आणि बुडाल्या. १९१३ साली इंडियन स्पीसी बँक कोसळली तेव्हा मुंबईने ते सोसलं. लाटेने पैसा आणून दिला तो सगळ्यांनाच. १९१२ साली पोलाद निघालं ते तीन वर्षं जंगलं तुडवणाऱ्यांचं. लंडनच्या नकारातही शिकण्यासारखं आहे. पैसे लावणारा कोण, त्याला हे काम का व्हावंसं वाटतं, हेही ओळखावं लागतं. बरोबर आराखडा चुकीच्या दारात नेला तर तो वाचला जात नाही, पण तेवढ्याने तो चुकीचा ठरत नाही.

किर्लोस्करांची कथा याच्या उलट्या टोकाची. लक्ष्मणरावांकडे माल होता, गिऱ्हाईक नव्हतं. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. बेळगावहून बाडबिस्तारा हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळ जागा दिली, कर्ज दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आजच्या पद्धतीचा रिपोर्ट त्या वेळी केला असता तर त्यात हिंदुस्थानात शेतकरी किती कोटी आणि त्यांतल्या एवढ्या टक्क्यांनी नांगर घेतला तर उलाढाल किती, असं गणित आलं असतं. ते गणित बिनचूक असूनही निरुपयोगी ठरलं असतं. खरा प्रश्न एकच होता: लोखंडाला भिणाऱ्या माणसाची भीती कशी जाईल? ज्या आराखड्यात गिऱ्हाइकाच्या 'नाही'चं कारण लिहिलेलं नाही, तो अर्धाच आराखडा.

स्लाइडवाल्या तरुणांशी माझं भांडण नेमकं इथे आहे. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक मोठं वर्तुळ असतं, त्यात देशाचा अमुक हजार कोटींचा बाजार, आणि खाली ओळ: यातला फक्त एक टक्का मिळाला तरी. एक टक्का कोणालाच मिळत नाही. मिळते ती शेजारच्या गल्लीतली एक बाई, मग तिची नणंद, मग नणंदेच्या सोसायटीतल्या चौघी. २०२१ च्या डिसेंबरपासून टीव्हीवर गुंतवणूकदारांसमोर धंदा मांडायचा कार्यक्रम लागू लागला आणि व्हॅल्युएशन, इक्विटी हे शब्द गावोगाव पोचले, याचा मला आनंद आहे. पोरांना धंदा करावासा वाटणं ही लहान गोष्ट नव्हे. पण तो कार्यक्रम बारकाईने पाहावा. समोरची माणसं विचारतात काय? गेल्या महिन्याची विक्री किती, एका नगावर सुटतं किती, एक गिऱ्हाईक आणायला खर्च किती येतो, माल परत किती येतो. हे सगळे वहीचे प्रश्न आहेत. एआय सुबक भाषा देईल, तक्ते देईल, शुद्धलेखन सुधारून देईल. ती मदत जरूर घ्यावी. पण कोणत्या घराने चटणी घ्यायची थांबवली, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आराखडा लवकर शिळा होतो, हा आक्षेपही नेहमीचा. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली तेव्हा ऐन मिरचीचा हंगाम होता. जानेवारीत लिहिलेल्या कुठल्या आराखड्यात ती होती? कुठल्याच नाही. पण ज्याने लिहिताना गृहीतं वेगळी मांडली होती, मिरची या भावाने, वाहतूक अशी, मुंबईचं गिऱ्हाईक मे महिन्यात, त्याला कुठली ओळ खोटी ठरली आणि त्यामुळे पुढची कुठली कोसळते, हे एका बैठकीत कळलं. ज्याच्या रिपोर्टमध्ये नुसते निष्कर्ष होते त्याला काहीच कळलं नाही. टाटांचीही कारखान्याची जागा बदलली. साकची, म्हणजे आजचं जमशेदपूर, नक्की झालं ते भांडवल जमल्यानंतर. जागा बदलली, पण खनिज, कोळसा आणि रुळांचं गिऱ्हाईक या तीन खुंट्या हलल्या नाहीत, म्हणून तंबू उभा राहिला.

सहकारी साखर कारखानदारीने आपल्याला हे दोन्ही बाजूंनी दाखवलं आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली कारखाना सुरू झाला. भाग घेणाराच ऊस देणारा, त्यामुळे पैसा आणि कच्चा माल एकाच माणसाशी बांधलेला. कारखान्याचं यश बऱ्याच गोष्टींनी घडलं, पण पाया हा होता. पुढे कारखान्यांची रांग लागली तशी एकाच शिवारातला ऊस दोन-दोन कारखान्यांच्या हिशेबात धरला जाऊ लागला. कागदावर दोन्हींचं गाळप पूर्ण. शेतात ऊस एकदाच उगवतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याने माझी झोप उडवली आहे. लिहिण्याची सक्ती केली की लिहिता येणारा पुढे जातो. इंग्रजी येणारा, सल्लागाराची फी भरू शकणारा, ओळखीचा. चटणीवाल्या ताईंसारखी, सातवी झालेली बाई मागे राहते. आराखडा ही अशाने एक चाळणी होते, आणि ती गरिबाला गाळून टाकते. याचं उत्तर मला सव्वीस वर्षांत एकच सापडलं: लिहिणं रद्द करण्याऐवजी लिहिण्याची भाषा बदला. ताई रोज लिहीतच होत्या. पाच रकान्यांची ती वही मी वाचलेल्या बहुतेक रिपोर्टांपेक्षा जास्त खरी होती. जिल्हा उद्योग केंद्राने, बँकांनी, महामंडळांनी अर्जासोबत अर्जदाराच्या हातची, मराठीतली चार पानं मागावीत. गिऱ्हाइकांची यादी किंवा ज्यांनी घेऊ म्हटलंय त्यांची. महिन्यावार पैसा कधी जातो आणि कधी येतो त्याचा तक्ता. मिरची दीडपट महागली किंवा अवकाळीने भिजली तर काय करणार, त्याचं उत्तर. आणि ज्यांनी 'नको' म्हटलं त्यांची कारणं. सल्लागाराने त्यावरून ताळेबंद करावा, तो त्याचा अधिकार आणि त्याचं कसब. पण खालून वर यावं, वरून खाली नव्हे. आणि हो, धोका स्वतःहून लिहिणाऱ्या अर्जदाराला अधिकारी नाकारतो, ही समजूत खोटी आहे. ज्याने धोका लिहिलाय त्याला तो दिसतो, एवढ्यानेच माझा हात सहीकडे वळत असे.

त्या फाइलीचं पुढे असं झालं. यंत्रांची मागणी आम्ही बाजूला ठेवली. ताईंनी मुलाकडून चार पानं लिहून आणली, सोबत वही होतीच. बेत १८,००० ऐवजी २,००० किलोचा, आणि वाढीव आठशे किलो कोणाकोणाकडे जाणार त्याची नावानिशी यादी. फेब्रुवारीत उचल, पुढच्या जानेवारीपर्यंत फेड, अशी हंगामी कर्जमर्यादा मागितली होती. माझे वरिष्ठ वही चाळत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं, रेघ मारलेल्या नावावर.

"यांनी का सोडलं हो?"

"तिखट लागतंय म्हणाल्या. धाकट्या नातवाला सोसंना," ताई म्हणाल्या. "आता त्यांच्यासारख्या नऊ घरांची वेगळी कुटते. लवंगी कमी, ब्याडगी जास्त. हे बघा, त्यातल्या सहा परत आल्यात."

साहेबांनी पान उलटलं. सहा नावं होती, निळ्या शाईत, नव्या तारखांसह.